यार्ड भरलेलं असताना गाडी घ्या

गाडी कधी घ्यावी असं कुणाला विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली आहेत. घरातली थोरली मंडळी सांगतात, दसऱ्याला घे. ऑफिसातला गाड्यांमधला जाणकार सांगतो, डिसेंबरपर्यंत कळ काढ. दोघांचंही निम्मं बरोबर आहे. दसऱ्याला दारात गाडी येण्यात आनंद असतो आणि डिसेंबरात सवलती असतात, हे खरंच. पण तुम्हाला जी गाडी, जो व्हेरिएंट आणि जो रंग हवा आहे त्यावर कधी किती सुटेल, हे ना पंचांग सांगतं ना तो जाणकार. ते ठरतं डीलरच्या स्टॉकयार्डात. शोरूमच्या काचेआड चकाकणाऱ्या दोन-चार गाड्या सोडून द्या. गावाबाहेर पत्र्याच्या कुंपणात ओळीनं उभ्या असलेल्या, सीटवरचं प्लास्टिकही न निघालेल्या गाड्या किती आहेत, यावर तुमचा भाव ठरतो.

त्या गाड्या तिथे कशा येतात ते आधी पाहू. कंपन्या दर महिन्याच्या सुरुवातीला विक्रीचे आकडे जाहीर करतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या तोवर कुठल्याही गिऱ्हाइकाच्या दारात पोचलेल्या नसतात. कारखान्यातून निघून डीलरकडे रवाना झालेल्या असतात, एवढंच. कंपनीच्या हिशेबात ती विक्री झाली. डीलरच्या हिशेबात मात्र कर्ज वाढलं, कारण या गाड्या तो बँकेच्या पैशांवर उचलतो आणि गाडी यार्डात उभी आहे तोवर व्याज चढत राहतं. महिना-दीड महिना तो निभावून नेतो. त्यापुढे त्याच गाडीवर सेल्समनचा सूर बदलतो. काल 'सर, यात काहीच होणार नाही' म्हणणारा आज 'तुमचं बजेट सांगा, बघू' म्हणू लागतो.

हा साठा किती वाढू शकतो, त्याचं ताजं उदाहरण २०२४ चं आहे. त्या वर्षी सणांच्या तोंडावर डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांच्या विक्रीइतक्या गाड्या पडून असल्याचं फाडा या त्यांच्या देशव्यापी संघटनेनं जाहीर केलं होतं. साठा २१ दिवसांचा असावा, असा या संघटनेचा आग्रह असतो. म्हणजे हव्यात त्याच्या चौपट गाड्या यार्डात होत्या. अशा वर्षी गिऱ्हाईक राजा. याच्या उलट २०२१. सेमीकंडक्टर चिपच्या टंचाईमुळे कारखान्यांतूनच गाड्या निघत नव्हत्या आणि काही एसयूव्हींना वर्षभराहून अधिक वेटिंग होतं. त्या डिसेंबरात सवलत मागायला गेलेल्यांना सेल्समननं चहा पाजला आणि वेटिंग लिस्टमध्ये नाव लिहून घेतलं.

म्हणून कुठल्याही महिन्यात शोरूममध्ये गेलात तरी पहिला प्रश्न एकच विचारा: या व्हेरिएंटच्या, या रंगाच्या किती गाड्या आत्ता यार्डात आहेत आणि त्या कोणत्या महिन्याच्या मेकिंगच्या आहेत? 'सहा आहेत, तीन महिन्यांपूर्वीच्या' असं उत्तर आलं तर खुर्ची ओढून बसा. 'बुकिंग करा, आठ आठवड्यांनी येईल' असं आलं तर भावाची घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. वेटिंग असलेल्या गाडीवर ना डिसेंबरात सुटतं ना मार्चमध्ये. अशी गाडी हवीच असेल तर महिना न बघता आजच नंबर लावावा.

आता वर्षाकडे वळू.

आपल्याकडे गाडीच्या खरेदीचा हंगाम गणपतीपासून सुरू होतो आणि दिवाळीच्या पाडव्याला संपतो. साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा आणि बलिप्रतिपदा हे याच काळात येतात. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया मार्च-एप्रिल-मेमध्ये. या दिवसांसाठी डीलर ऑगस्टपासूनच गाड्या भरायला लागतात. गणपतीचे दिवस चांगले जातात आणि मग मध्येच पंधरा दिवस शोरूममध्ये सामसूम होते, कारण पितृपक्ष. नवी वस्तू घ्यायची नाही म्हणून लोक फिरकत नाहीत. इकडे यार्डात दसऱ्यासाठी भरलेल्या गाड्या खच्चून उभ्या असतात आणि सप्टेंबर असल्यानं महिनाअखेरीसोबत तिमाहीचं टार्गेटही बहुधा तोंडावर आलेलं असतं. माझ्या मते महाराष्ट्रात गाडीचा सौदा ठरवायला याहून चांगले दिवस नाहीत. मी सौदा म्हणतो आहे, खरेदी नव्हे. घरच्यांना पितृपक्षात गाडी नको असेल तर त्यांचं मन मोडायचं काही कारण नाही. टेस्ट ड्राइव्ह, दोन-तीन डीलरांची कोटेशनं, जुन्या गाडीचं मूल्यांकन, कर्जाची मंजुरी ही सगळी कामं या पंधरा दिवसांत उरकता येतात. सेल्समनला वेळ असतो, मॅनेजर जागेवर भेटतो, टेस्ट ड्राइव्हची गाडी मागितली की मिळते. भाव लेखी घ्या, गाडीचा चेसिस नंबर बुकिंगवर लिहून घ्या, आणि बिल, पासिंग, डिलिव्हरी घटस्थापनेनंतर करा. पंचांगही सांभाळलं जातं आणि खिसाही.

२०२५ मध्ये तर या पितृपक्षाला वेगळंच महत्त्व आलं. जीएसटीत मोठे बदल दिवाळीपर्यंत करू, असं पंतप्रधानांनी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर केलं आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला. २७ ऑगस्टला गणपती आले, पण गाड्या यार्डातून हलेनात. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेनं निर्णय घेतला: चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिनाच्या छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकर होता, तो १८ टक्के, मोठ्या गाड्यांवर उपकर काढून सरसकट ४० टक्के. लागू कधी, तर २२ सप्टेंबरपासून. त्या दिवशी घटस्थापना होती आणि आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. ज्यांनी पितृपक्षात बसून गाडी नक्की केली, चेसिस नंबर घेतला आणि बिल तेवढं २२ तारखेनंतर काढायला सांगितलं, त्यांना नवा भाव आणि हवा तो रंग दोन्ही मिळालं. नवरात्रात उठून शोरूम गाठणाऱ्यांना भाव तोच मिळाला, पण लोकप्रिय छोट्या गाड्यांसाठी रांगेत उभं राहावं लागलं.

एवढं सांगितल्यावर कुणी म्हणेल, मग पुढच्या करकपातीची वाट बघावी का? नाही. असे बदल आठ-दहा वर्षांतून एखादे होतात. आणि फेब्रुवारीच्या बजेटपर्यंत थांबायची जुनी सवय तर आता सोडूनच द्यावी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून गाडीवरचा मुख्य कर ठरतो जीएसटी परिषदेत, अर्थमंत्र्यांच्या भाषणात नव्हे. नजर ठेवायचीच तर मार्चमधल्या राज्याच्या अर्थसंकल्पावर ठेवा, कारण रस्ता कर राज्याच्या हातात आहे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के एकरकमी कर भरावा लागतो, तोही देशात चढा समजला जाणारा. २०२५ च्या अर्थसंकल्पात सीएनजी आणि एलपीजी गाड्यांचा कर एका टक्क्यानं वाढवला गेला आणि महागड्या गाड्यांवरच्या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली. पण ही वाढ लागू झाली १ जुलैपासून. घोषणा आणि अंमलबजावणी यांत मिळालेले हे तीन-साडेतीन महिने सीएनजी गाडी घ्यायच्या विचारात असलेल्यांच्या कामाचे होते.

दसऱ्याच्या दिवशी डिलिव्हरी घ्यायची असेल तर एका गोष्टीची तयारी ठेवा. त्या सकाळी मोठ्या शोरूमच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते. झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या एकीला एक खेटून उभ्या, प्रत्येकीच्या चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, कुणाचे आजी-आजोबा अजून रिक्षात, कुणाचा नारळ फुटत नाही, आणि एकच सेल्समन पाच कुटुंबांना 'दोन मिनिटं, दोन मिनिटं' करत फिरतो आहे. या गर्दीत गाडी नीट तपासून मिळणं अशक्य. दरवाजावरचा बारीक ओरखडा, न बसवलेला मडगार्ड, विसरलेली मॅट्स हे सगळं पेढे खाऊन घरी आल्यावर दिसतं. म्हणून तपासणी तीन-चार दिवस आधी यार्डात जाऊन, दिवसाउजेडी करा. आणि हल्ली पासिंग झाल्याशिवाय, उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही, तेव्हा दसऱ्याला चावी हवी असेल तर पैसे आणि कागदपत्रं निदान आठ-दहा दिवस आधी डीलरकडे पोचायला हवीत. आदल्या दिवशी चेक देऊन मुहूर्त साधत नाही.

सणांच्या काळात मॉडेलचं वयही बघावं लागतं. २०२४ मध्ये दिवाळीचा पाडवा २ नोव्हेंबरला होता आणि ११ नोव्हेंबरला मारुतीनं पूर्णपणे नव्या रूपातली डिझायर बाजारात आणली. तिला ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारेही मिळाले होते. धनत्रयोदशीला ज्यांनी जुनी डिझायर घेतली, त्यांची गाडी पंधरवड्यात मागच्या पिढीची झाली. सवलत चांगली मिळाली असेल आणि गाडी दहा वर्षं वापरायची असेल तर यात तोटा नाही. पण हे माहीत असून घेणं वेगळं आणि नंतर कळणं वेगळं. एखाद्या मॉडेलवर अचानक, बेमोसमी मोठी सवलत दिसली तर आधी बातम्या शोधा. बहुधा नवा अवतार येऊ घातलेला असतो आणि जुना साठा मोकळा करायचा असतो. हाच प्रकार नियम बदलतानाही होतो. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण-निकषाच्या वाहनांची विक्री बंद केली, तेव्हा पुढच्या दोन दिवसांत दुचाकींच्या शोरूमवर झुंबड उडाली होती. कंपन्यांनी भाव पाडून माल काढला.

दिवाळी झाली की डिसेंबरकडे बघायचं. डिसेंबरातल्या सवलतींचं कारण साधं आहे. ३१ तारीख उलटली की यार्डातली प्रत्येक गाडी 'गेल्या वर्षीचं मेकिंग' होते. गाडी तीच, किलोमीटर शून्यच, पण गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून कंपनी आणि डीलर दोघंही वर्षअखेरीला मोकळे होऊ पाहतात. दिवाळी फिकी गेली असेल तर डिसेंबर हमखास उदार असतो. दिवाळीत यार्ड रिकामं झालं असेल तर नुसत्या जाहिराती मोठ्या दिसतात. याच महिन्यात एकेक कंपनी 'जानेवारीपासून किमती वाढणार' असं जाहीर करते. या घोषणेनं घाबरून जायचं कारण नसतं. वाढ बहुधा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते, सगळ्या मॉडेलना सारखी नसते, आणि जुन्या साठ्यावर जानेवारीतही सूट चालू राहते. सेल्समन मात्र ही बातमी मोबाइलवर दाखवल्याशिवाय राहत नाही.

खरा प्रश्न असा, की डिसेंबरात घ्यावी की जानेवारीत? उत्तर तुम्ही गाडी किती वर्षं ठेवणार यावर आहे. समजा एका दहा लाखांच्या गाडीवर डिसेंबरात साठ हजार सुटत आहेत आणि जानेवारीच्या नव्या मेकिंगवर पंधराच हजार. फरक पंचेचाळीस हजारांचा. चार वर्षांनी गाडी विकायला काढलीत तर जुन्या गाड्यांचा व्यापारी आरसी बुकावरचा उत्पादनाचा महिना बघणार आणि एका महिन्याच्या फरकाला अख्ख्या वर्षाचा फरक धरून भाव पाडणार. त्यात तीस-चाळीस हजार सहज गेले, तर डिसेंबरची कमाई तिथेच संपली. गाडी आठ-दहा वर्षं वापरून, पुरेपूर पळवून मगच विकणार असाल तर मेकिंगचं वर्ष जवळपास निरर्थक होतं आणि डिसेंबर बिनदिक्कत घ्यावा. तिसराही एक रस्ता आहे, मला तो सगळ्यात आवडतो: जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाऊन गेल्या वर्षाच्या मेकिंगची उरलेली गाडी विचारायची. डिसेंबरात न खपलेली ही गाडी आता डीलरच्या डोळ्यांत खुपत असते. रंग तुमच्या पसंतीचा नसेल, सनरूफवाला व्हेरिएंट गेलेला असेल. पण जी असेल तिचा भाव पाडून मिळतो. शिवाय पौषात घरोघरी शुभकार्यं थांबलेली असतात, त्यामुळे शोरूमही निवांत असते. पासिंग नव्या वर्षाचं झालं तरी मेकिंग जुन्या वर्षाचंच राहणार, एवढं लक्षात असू द्या; नवं पासिंग दाखवून कुणी ते झाकू पाहील तर बधू नका.

जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. तुमच्या जुन्या गाडीचंही वय १ जानेवारीला एका वर्षानं वाढतं आणि एक्स्चेंजचा भाव उतरतो. म्हणजे देवाणघेवाण करणाऱ्याला डिसेंबर दोन्ही बाजूंनी सोयीचा. एक्स्चेंज बोनस आणि जुन्या गाडीची किंमत हे दोन आकडे मात्र वेगवेगळे लिहून घ्या. बोनस पन्नास हजारांचा दाखवून गाडीच पन्नास हजारांनी कमी धरण्याची हातचलाखी जुनी आहे. बाहेर दोन ठिकाणी गाडी दाखवून भाव काढला की ती लगेच उघडी पडते.

मार्चचा महिमा मला जरा फुगवलेला वाटतो. आर्थिक वर्ष संपतं, डीलरांची वार्षिक टार्गेटं असतात, हे खरं. पण यार्डातला जुना साठा जानेवारी-फेब्रुवारीत बराचसा निघून गेलेला असतो आणि गुढीपाडवाही बऱ्याच वर्षी इथेच येतो, त्यामुळे गिऱ्हाइकांची कमी नसते. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आला, रविवारी. वर्षअखेर आणि मुहूर्त एकदमच पदरात पडल्यावर डीलरनं जादा सूट का द्यावी? पाडवा मार्चअखेरीला नसेल त्या वर्षी शेवटच्या आठवड्यात मात्र जरूर चक्कर मारा. दहा लाखांवरच्या गाडीला मार्चचा एक छोटा फायदा आहे. अशा गाडीवर डीलर किमतीवर एक टक्का टीसीएस वसूल करतो. तो खर्च नसतो. तुमच्या पॅनवर जमा झालेला आयकर असतो. मार्चमध्ये बिल झालं तर तो त्याच वर्षीच्या विवरणपत्रात, म्हणजे चार महिन्यांत मागता येतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झालं तर पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत अडकतो. बारा लाखांच्या गाडीला हे बारा हजार.

डॉक्टर, वकील, दुकानदार, छोटे उद्योजक यांना 'मार्चमध्ये गाडी घ्या, टॅक्स वाचेल' असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धवट आहे. व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीवर सर्वसाधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, पण गाडी त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत गाडी रस्त्यावर आली तर दहा लाखांवर दीड लाखाचा घसारा, त्यानंतर आली तर पंचाहत्तर हजारांचा. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता; त्या दिवशी गाडी वापरात आणणाऱ्याचे १८० दिवस जेमतेम भरले आणि पाडव्यापर्यंत थांबलेल्याचे हुकले. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास असल्यानं दसरा २० ऑक्टोबरला जातो, म्हणजे मुहूर्त धरला तर पूर्ण घसारा गेला. उरलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळत राहतो, तो बुडत नाही. पण पैसा आज हातात असणं आणि पुढे मिळणं यात फरक आहे. एक इशाराही देऊन ठेवतो: महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर रस्ता कर थेट २० टक्के आहे. सीएशी बोलल्याशिवाय कंपनीच्या नावावर बिल काढू नका.

पावसाळ्याबद्दल थोडं. आषाढात आणि अधिक मासात बरीच घरं नवी खरेदी टाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये शोरूमला 'मान्सून ऑफर'चे फलक लागतात, ते उगाच नव्हे. तालुक्याच्या गावी तर हे दिवस अधिकच मंदीचे, कारण पैसा शेतात पेरलेला असतो. कोल्हापूर-सांगलीकडे गाड्यांची खरी गर्दी उसाचं बिल हातात आल्यावर, मराठवाड्यात सोयाबीन विकल्यावर. तुमचा पैसा पावसावर अवलंबून नसेल तर मुंबई-पुण्यातल्या डीलरबरोबर जिल्ह्याच्या गावातल्या डीलरचंही कोटेशन जुलैत मागवून बघा. पावसातल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये आणखी एक गोष्ट मिळते, जी डिसेंबरात मिळत नाही: वायपर काच नीट पुसतात का, समोरच्या काचेवरची वाफ किती वेळात जाते, रात्रीच्या पावसात दिव्यांचा उजेड पुरतो का, सगळं एका फेरीत कळतं.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी मात्र पावसाळ्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत सावध राहावं. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईत आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारांत येण्याची भीती होती, आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर ती असते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा; टोकाकडच्या भागावर चिखलाची रेघ दिसली की परत फिरा. डिकीतल्या स्टेपनीखालचा पत्राही हात घालून बघा. जुन्या गाड्यांसाठी दिवाळीनंतरचे दिवस चांगले, कारण नव्याच्या बदल्यात आलेल्या गाड्यांनी बाजार भरलेला असतो.

महिना कोणताही असो, त्यातला शेवटचा आठवडा पहिल्यापेक्षा बरा. कंपनीची सवलत योजना महिन्यापुरती असते आणि पहिले दोन-तीन दिवस नवी योजना सेल्समनलाच ठाऊक नसते. पंचवीस तारखेनंतर डीलरला आकडा गाठायला चार गाड्या कमी पडत असतील तर तुमची गाडी त्याच्यासाठी मोलाची होते. मंगळवार-बुधवारची दुपार साधा. रविवारी सौदे होत नाहीत, गर्दी होते. कोटेशनमध्ये कंपनीची सूट, डीलरची सूट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट सूट असे वेगळे आकडे मागा. कंपनीची सूट एका भागातल्या सगळ्या डीलरांकडे सारखी असते. घासाघीस होते ती डीलरच्या वाट्यावर. तो 'पंचवीस हजारांच्या ॲक्सेसरीज फुकट' म्हणाला तर तेवढे नको, दहा हजार बिलात कमी करा म्हणा. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्ज नावाची ओळ दिसली तर ती काढायला लावा. विमा डीलरकडूनच घ्यायला हवा असं कुठेही नाही. बाहेरचं एक कोटेशन दाखवलं की त्याचा आकडा खाली येतो. कर्जाचंही तसंच. आठ लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जावर व्याजात अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे सुमारे साडेअकरा हजार रुपये. सणांत बँका प्रक्रिया शुल्क माफ करतात ते घ्या, पण व्याजदर आधी विचारा.

बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात एक ओळ असते: डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू. म्हणजे डिसेंबरात टोकन दिलं आणि बिल जानेवारीत झालं तर वाढलेला भाव तुमच्या माथी आणि डिसेंबरची सूट गेली. त्यामुळे ठरलेली सूट कोणत्या तारखेपर्यंतच्या बिलाला आहे, ते लिहून घ्या आणि त्या तारखेआधी बिल काढून घ्या.

यार्डात तपासायला जाल तेव्हा चारही टायरच्या बाजूचा चार आकडी शिक्का वाचा. ३८२५ असेल तर टायर २०२५ च्या अडतिसाव्या आठवड्यातला. चार टायर चार वेगळ्या महिन्यांचे असतील किंवा गाडी ऑक्टोबरची सांगून टायर फेब्रुवारीचे निघाले तर प्रश्न विचारा. चेसिस नंबर बिलाशी जुळवून बघा; फॉर्म २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, तेही. गाडी चार-पाच महिने उभी असेल तर बॅटरी चार्ज करून द्यायला सांगा आणि सुरू करून पंधरा मिनिटं चालू ठेवा. मीटरवर शंभराहून अधिक किलोमीटर दिसले तर ती टेस्ट ड्राइव्हला फिरलेली तर नाही ना, याची चौकशी करा आणि तसं असेल तर दुसरी मागा. डिलिव्हरीच्या वेळी दोन्ही चाव्या, विम्याची पॉलिसी, कर भरल्याची पावती, फास्टॅग आणि ठरलेल्या ॲक्सेसरीजची यादी एकेक करून बघून घ्या. काही रक्कम द्यायची उरली असेल तर ती हे सगळं झाल्यावरच द्या.